दारूखान्यातला लॉट नंबर

रे रोड स्टेशनला उतरून कुणालाही 'दारूखाना कुठे?' असं विचारा, तो पूर्वेकडे बोट दाखवील. नवखा माणूस नाव ऐकून हसतो आणि तिथे जाऊन बघतो तर काय, भंगाराची दुकानं, गंजलेले साखळदंड, जहाजांचे नांगर, पत्रे कापणारे गॅसकटर. बाटलीतल्या दारूचा त्या नावाशी काडीचाही संबंध नाही. जवळच माझगावात गनपावडर रोड आहे. दोन्ही नावं एकाच वस्तूची, एक आपलं आणि एक साहेबाचं. तोफाबंदुकांची दारू वस्तीपासून लांब, समुद्राच्या कडेला ठेवायची, त्या काळची ही आठवण. दारू गेली, तोफा गेल्या, मुंबईच्या जिभेवर नाव तेवढं राहिलं.

लालबाग-परळच्या माणसाला हे सगळं माहीत असतं, त्यामुळे तो म्हणेल की यात नवीन काय सांगितलंस. नवीन काही नाही. पण या नावाच्या पोटात एक जुना प्रश्न आहे, आणि तो आजही माणसं मारतो. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तेव्हा वाचा.

प्रश्न असा: एकच जातीची, एकाच नावाची, एकाच कारखान्यातली बंदुकीची दारू; पण एक डबा गेल्या वर्षीचा आणि एक यंदाचा. दोन्ही एकत्र केले तर काय बिघडलं?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तो आमच्या तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी. आमच्याकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात, हे गिरगाव-दादरच्या चाकरमान्यांना वेगळं सांगायला नको. रानडुक्कर आणि माकडं यांनी बाग ठेवली तर आंबा-काजू दिसायचा. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, आणि बंदूक जमा असते तेव्हा दारूची पुडी घरात माळ्यावर पडून राहते. मधे पावसाळा जातो. मग बंदूक परत येते, दुकानातून नवी दारू येते, आणि जुनी टाकवत नाही. काका म्हणाले, "अरे, तांदूळ नाही का आपण जुना-नवा एकत्र करत?"

करतो. आणि मग भाताचं काय होतं तेही घरातल्या बायकांना विचारा. नवा तांदूळ चिकट होतो, जुना टणक राहतो, एकाच पातेल्यात दोन भात. भाताचं निभावतं. बंदुकीच्या नळीचं निभावत नाही.

आता जरा मागे जाऊ. काळी दारू म्हणजे तीन वस्तू: सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा साधारण पाऊण हिस्सा, उरलेल्यात कोळसा थोडा जास्त, गंधक थोडा कमी. शाळकरी पुस्तकात हे तीन शब्द वाचले की वाटतं संपलं, सगळीकडची दारू सारखीच. पण सोरा बिहारचा किती शुद्ध केलेला? त्यात मीठ राहिलं असेल तर तो हवेतलं पाणी ओढतो, आणि आपल्या मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा! कोळसा कशाचा? आपल्याकडे तुरीच्या काड्यांचा, रुईचा वापरत. विलायतेत वेगळी झाडं. कोळसा किती जाळला, भुकटी किती तास मळली, दाणा केवढा पाडला, सुकवताना ऊन कसं होतं, या प्रत्येक गोष्टीने दारूचा जोर बदलतो. म्हणजे तोच कारखाना, तेच कामगार, तेच वजन, आणि तरी सोमवारची दारू शुक्रवारच्या दारूची सख्खी बहीण असते, जुळी नसते.

हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, अनेकांनी वाचलं असेल. किल्ल्याबद्दल लिहिताना त्यांनी दारूखान्याला स्वतंत्र जागा दिली आहे. दारूखाना घराजवळ नको, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण हवं, खाली तळघर, त्यात माच घालून वर दारूची मडकी, ओल लागता कामा नये. आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग: दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यायचं, माल बाहेर काढायचा, ऊन द्यायचं, आणि पुन्हा मुद्रा करून ठेवायचं. मुद्रा म्हणजे शिक्का. कुठलं मडकं कधी उघडलं आणि कुणी बंद केलं, याला जबाबदार माणूस ठरलेला. तीनशे वर्षांपूर्वी!

युरोपातही हीच डोकेदुखी होती. दारू सारखी नसेल तर तोफेचा नेम काय कामाचा? फ्रान्सच्या राजाने १६८६ साली नियमच केला: ठरावीक छोट्या उखळी तोफेत तीन औंस दारू घालायची, साठ पौंडांचा गोळा ठेवायचा, आणि तो सुमारे शंभर मीटर तरी गेला तर दारू पास, नाहीतर परत. पुढे १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी मारून, तो किती झुलतो यावरून गोळीचा वेग काढायची रीत छापली. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांचा मुख्य इंजिनिअर म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेला फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. दारू मोजायची विद्या शोधणारा माणूस आपल्याच किनाऱ्यावर मातीत मिसळला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मोजायला लागल्यावर कळलं की फरक जातच नाही. मग त्याच्यावर इलाज काय? इथे मजा आहे. इलाज म्हणजे मिसळणं!

हो, मिसळणं. काकांचा प्रश्न वेडगळ नव्हता. आणि हे कळायला लालबाग-परळच्या गिरणी कामगाराइतका चांगला मास्तर मिळणार नाही. गिरणीत सूत काढायच्या आधी ब्लोरूममध्ये मिक्सिंग होत असे. एकाच जातीचा कापूस, पण गाठी वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या दिवशी आलेल्या. एकेक गाठ संपवत गेलात तर आज एक सूत, उद्या दुसरं, आणि कापड रंगवलं की त्यावर पट्टे दिसणार. म्हणून बऱ्याच गाठी एकदम फोडायच्या, एकावर एक थर द्यायचे आणि तो ढीग वरून खाली उभा कापत घ्यायचा, म्हणजे प्रत्येक घासात प्रत्येक गाठ थोडी थोडी येते. सरासरी निघते. पट्टा पडत नाही. पण हे ज्याच्या त्याच्या मनाने चालत नसे. कुठल्या गाठी, किती, कुठल्या मिक्सिंगमध्ये गेल्या, हे वहीत असायचं. सूत तुटायला लागलं की जॉबर आधी विचारणार, मिक्सिंग कोणतं चालू आहे?

दारूच्या कारखान्यातही अगदी हेच. याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे .३०३ रायफलचं काडतूस. काळ्या दारूची जागा १८८० नंतरच्या दशकात बिनधुराच्या दारूने घेतली. इंग्रजांनी तिची कॉर्डाइट नावाची जात काढली, दिसायला अगदी शेवयांसारखी. आपल्याकडे तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात अरुवनकाडूला १९०४ च्या सुमारास कॉर्डाइटचा कारखाना निघाला. काडतुसं करायचा आपल्या जवळचा कारखाना म्हणजे पुण्याजवळ खडकीचा, १८६९ सालचा. तर .३०३ च्या एका काडतुसात कॉर्डाइटच्या साठेक बारीक काड्या असत. त्या एकाच यंत्रातून आलेल्या नसत. आधी दहा रिळांवरच्या काड्या एकत्र करून एक जुडी, मग अशा सहा जुड्या एकत्र करून साठ काड्यांचा दोर, आणि तो कापून काडतुसात. कशासाठी? एखाद्या यंत्राची, एखाद्या दिवसाची खोड एकाच काडतुसात एकवटू नये म्हणून. एका गोळीमागे साठ वेगवेगळ्या काड्यांची सरासरी. गिरणीतलं मिक्सिंग आणि हे, एकाच बुद्धीची लेकरं.

आजही मोठे कारखाने हेच करतात. तयार झालेल्या मालाचा लॉट तपासायचा, जास्त तेज लॉट आणि जरा मंद लॉट प्रमाणात मिसळायचे, पुन्हा चाचणी घ्यायची, आणि मग त्या मिश्रणाला नवा लॉट नंबर द्यायचा. हे शेवटचं वाक्य परत वाचा. नवा लॉट नंबर. मिसळल्यावर ती जुनी दारू राहत नाही आणि नवीही राहत नाही, तो तिसराच लॉट असतो. त्याची पत्रिका नव्याने मांडावी लागते.

अमेरिकेसारख्या देशात रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरायचा छंद आहे. आपल्याकडे तो परवान्याचा विषय, विनापरवाना करायची गोष्ट नाही. तिकडच्या जुन्या जाणत्या लोकांचा दंडक ऐकण्यासारखा आहे. वेगवेगळ्या जातीच्या दारू कधीही एकत्र करायच्या नाहीत, मग नावात एकच आकडा का फरक असेना. काळी आणि बिनधुराची तर स्वप्नातही नाही. एकाच जातीचे दोन लॉट असतील तरी शक्यतो आधीचा संपवावा आणि नव्या डब्याची सुरुवात कमी मापाने करून, बघत बघत वर जावं. कारण कालच्या लॉटला जे माप बरोबर होतं, ते आजच्या लॉटला टोकाचं ठरू शकतं. बिनधुराच्या दारूत थोडा फरक झाला तरी नळीतला दाब भराभर चढतो. आणि कुणी दोन लॉट एकत्र केलेच तर ते पूर्ण एकजीव हवेत, दोन्ही सुस्थितीतले हवेत, आणि त्यानंतर त्याला नवा लॉट समजूनच वागायचं. अर्धवट हलवलेला डबा सगळ्यांत वाईट: एक बार जुन्याचा, एक नव्याचा, एक मधलाच. आजवरच्या अनुभवाचा उपयोग शून्य.

जे नेमबाज पदकासाठी खेळतात ते तर उलट्या टोकाला जातात. आपली अंजली भागवत दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमुळे या खेळाकडे वळली आणि वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर घडली, हे मुंबईकर अभिमानाने सांगतात. तिच्या पातळीवरच्या खेळात .२२ च्या गोळ्या नुसत्या कंपनीच्या नावाने घेत नाहीत. आपल्या रायफलला कुठला लॉट मानवतो ते गोळ्या झाडून बघतात, आणि सापडला की तोच लॉट जमेल तितका साठवतात. तीच कंपनी, तीच डबी, तीच किंमत. पण लॉट दुसरा असेल तर कागदावरचा छिद्रांचा पुंजका पसरतो. तोफखान्यातही एका माऱ्याला एकाच लॉटचे चार्ज वापरायची शिस्त असते, कारण दहा किलोमीटरवर लॉटचा फरक म्हणजे आपल्याच माणसांच्या डोक्यावर गोळा.

म्हणजे बघा, एकीकडे मिसळणं हे शास्त्र आणि दुसरीकडे न मिसळणं हेही शास्त्र. यात विसंगती नाही. दोन्हीकडे वही आहे. आपण काय वापरतो आहोत ते माणसाला माहीत आहे. खरा घात तिसऱ्या प्रकारात आहे: उरलंसुरलं खपवण्यासाठी केलेली मिसळ. तिने माल तर बिघडतोच, त्याहून वाईट म्हणजे मालाचा इतिहास पुसला जातो.

फ्रेंच नौदलाने याची किंमत मोजली. बिनधुराची दारू जगात पहिल्यांदा त्यांनी काढली, १८८४ मध्ये. पण ही दारू दुधासारखी असते, वयानुसार नासते. आतल्या आत तिचं विघटन होतं, त्यातून आम्ल आणि उष्णता तयार होते, आणि वेळेवर कळलं नाही तर ती आपोआप पेटते. १२ मार्च १९०७ ला तुलाँ बंदरात इएना ही युद्धनौका दारूच्या कोठारात स्फोट होऊन गेली, शंभरावर माणसं घेऊन. चार वर्षांनी, २५ सप्टेंबर १९११ ला, त्याच बंदरात लिबर्ते गेली, अडीचशेच्या वर माणसं घेऊन. शत्रू नाही, युद्ध नाही, बंदरात उभ्या असलेल्या बोटी. चौकशांमध्ये बोट दारूकडे गेलं. जुनी झालेली दारू पुन्हा मळून वापरात आणायची पद्धत तिथे होती, तिच्यावर टीकेची झोड उठली. कारण सोपं आहे: जुनं मळून नवं केलं की डब्यावरची तारीख आणि आतल्या दारूचं वय जुळेनासं होतं. म्हातारी दारू तरुण कागदपत्रं घेऊन कोठारात बसते.

दुसरं उदाहरण व्हिएतनामचं. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफली लढाई चालू असताना अडकत होत्या, आणि अडकलेल्या रायफलीच्या बाजूला सैनिक मेलेले सापडत होते. त्यांच्या संसदेच्या समितीने १९६७ मध्ये चौकशी केली. बरीच कारणं निघाली. नळीच्या आतल्या भागाला क्रोमचा मुलामा नव्हता, साफसफाईचं सामान दिलं नव्हतं. आणि काडतुसातली दारू १९६४ मध्ये बदलली होती. नव्या दारूत कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडीचा अंश, टिकाऊपणासाठी घातलेला. तो जळल्यावर रायफलीच्या बारीक नळीत साचायचा. लॉटनुसार हे प्रमाण कमीजास्त होई. शेवटी चुनखडीची मर्यादा पाव टक्क्यावर आणली आणि त्या कमी चुनखडीच्या दारूला वेगळं नावच दिलं. तोवर दोन्ही एकाच नावाने पेट्यांत जात होत्या. रणांगणावरच्या विशीतल्या पोराला त्या नावामागचा लॉट कसा दिसणार?

आता कुणी म्हणेल, हे सगळं परदेशचं. तर परळला या. दारूचं नाही, पण लॉटचं सगळ्यांत मोठं प्रकरण परळच्या नावावर आहे.

हाफकिन इन्स्टिट्यूट ज्यांच्या नावाने आहे ते वॉल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांनी लस काढली आणि १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली. तिथून लशीच्या बाटल्या देशभर जात. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली, आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाहाकार झाला. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनना बाजूला सारलं गेलं.

पण एक गोष्ट जिवंत होती: बाटलीचा नंबर. मेलेले सगळेच्या सगळे १९ जण एकाच बाटलीचे, क्रमांक ५३-एन. त्या दिवशी उघडलेल्या इतर बाटल्यांमधून टोचलेल्यांना काही झालं नाही. आणि बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट उकळून न घेताच वापरला, हेही पुढे आलं. रोनाल्ड रॉससारख्या नोबेलविजेत्याने हाफकिनची बाजू घेतली, आणि १९०७ अखेर त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला. विचार करा, त्या गावात कुणी काटकसर म्हणून सगळ्या बाटल्या एका भांड्यात ओतून लस टोचली असती तर? १९ च्या जागी १०७ मेले असते, आणि खरं कारण जगाला कधीच कळलं नसतं. लस तीच, कारखाना तोच, नाव तेच. वाचवलं ते वेगळ्या ठेवलेल्या बाटलीने आणि तिच्यावरच्या नंबराने.

मुंबईत दारूगोळ्याचा विषय काढला आणि १९४४ आठवलं नाही असं होत नाही. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन ही बोट. बोटीवर सुमारे १४०० टन स्फोटकं. कराचीला तिच्यात कापसाच्या हजारो गाठी भरल्या, आणि एका होल्डमध्ये कापूस आणि दारूगोळा शेजारी आले. दुपारी कापसाला आग लागली, चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले; १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठी. सामान्य माणसं किती गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगतात. ही लॉटची मिसळ नव्हती, ज्या वस्तू शेजारी ठेवूच नयेत त्यांची शेजारपाजारी होती. पण मुळातली वृत्ती तीच: युद्धाची घाई आहे, जागा अपुरी आहे, चालवून घेऊ. अशी स्फोटकं एरवी गोदीच्या आत आणायचीही नव्हती, बाहेर लायटरमध्ये उतरवायची होती. नियम कागदावर होता, घाईपुढे तो वाकला.

आणि आता आपल्या काळात. वर्धा जिल्ह्यातलं पुलगावचं दारूगोळा कोठार, ३१ मे २०१६ ची मध्यरात्र. आग विझवायला धावलेले अग्निशमन जवान आणि लष्करी अधिकारी गेले. पुढे चौकशीचं बोट सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांकडे वळलं. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याच परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट, सहा जण गेले. नागपूरजवळ बाजारगावला डिसेंबर २०२३ मध्ये स्फोटकांच्या खासगी कारखान्यात नऊ. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला आठ. प्रत्येक ठिकाणचं कारण वेगळं असेल, सगळ्यांना एका दावणीला बांधायचा माझा हेतू नाही. पण आपल्यापर्यंत बातमी कशी पोचते ते बघा: मृतांचा आकडा, मंत्र्यांची भेट, मदतीची रक्कम, चौकशी समिती. तिसऱ्या दिवशी पान बदलतं. समितीचा अहवाल आला का, कुठल्या लॉटचा माल होता, तो लॉट कधी तपासला होता, त्याच लॉटचा उरलेला माल आज कुठल्या कोठारात, कुणाच्या शेजारी पडून आहे, हे विचारायला कुणी थांबत नाही.

सुरक्षेच्या नावाखाली बरंच झाकलं जातं, आणि काही झाकणं योग्यही आहे. किती गोळे आहेत, कुठे आहेत, हे चव्हाट्यावर मांडा असं कुणीच म्हणत नाही. पण माणूस कशामुळे मेला हे त्याच्या बायकोला कळायला हवं की नको? भंडाऱ्याच्या कारखान्यात रोज डबा घेऊन जाणाऱ्या बाईमाणसाला, आपण हाताळतो त्या मालाची पत्रिका स्वच्छ आहे का, हे विचारायचा हक्क आहे की नाही? गिरणीत सूत तुटलं तर जॉबर मिक्सिंगची वही मागायचा. तिथे तर फक्त सूत तुटत होतं.

आमच्या बागायतदार काकांना मी शेवटी काय सांगितलं ते सांगतो. म्हटलं, काका, पावसाळा खाल्लेली दारू नव्या दारूत घालू नका. जुनीचा भरवसा नाही आणि नवीचाही घालवून बसाल. परवान्याच्या दुकानदाराला विचारा, तो सांगेल तशी ती नष्ट करा, आणि नव्या डब्यावर आणल्याची तारीख लिहून ठेवा. काका म्हणाले, "शंभर-दोनशे रुपयांसाठी एवढं?" मी म्हटलं, डोळा केवढ्याला येतो?

त्यांनी लिहिली तारीख. काजूच्या डब्यावर लिहितात तशी, खडूने.

तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी कुठे स्फोट झाल्याची बातमी आली, आणि आपल्या राज्यात ती येणार हे दुर्दैवाने नक्की, तर किती गेले आणि किती लाख जाहीर झाले यानंतर एक तिसरा प्रश्न आपल्या आमदाराला, खासदाराला, आणि आम्हा पत्रकारांनाही विचारा: लॉट कोणता होता, आणि त्याची वही कुठे आहे?